सगळीच मुलं पास कशी होतात?

आज दुपारी लेकीच्या कराटे क्लासच्या ग्रुपवर मेसेज पडला. रविवारी बेल्ट एक्झाम, सगळ्यांनी बसणं कम्पल्सरी, फी 1500. ज्यांच्या ड्रेसवर जुना लोगो आहे त्यांनी नवीन ड्रेस घ्यायचा, तोही क्लासमधूनच. खाली लगेच अंगठे सुरू. मागची एक्झाम होऊन तीन महिने झालेत, तेवढ्यात पोरांना नवीन काय आलं, असं कुणीच विचारेना. शेवटी मी विचारलं. उत्तर आलं, "टेन्शन घेऊ नका मॅडम, सगळे पास होतात."

अहो, तेच तर टेन्शन आहे!

नाशिकला यायच्या आधी आम्ही साताऱ्याला होतो. तिथल्या सरांनी हिला यलो बेल्टला सरळ नापास केलं होतं. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. शोतोकान या कराटेच्या प्रकारातला पहिला काता, हेइआन शोदान, 21 हालचालींचा. जिथून सुरू केला तिथेच येऊन संपला पाहिजे. सरांनी फरशीवर खडूने फुली मारलेली आणि आमची पोरगी काता संपवून उभी राहिली ती फुलीपासून दोन फरश्या लांब, कारण जाताना पावलं लांब टाकली आणि परत येताना दमून आखूड. सर म्हणाले, "बाळा, पुढच्या वेळी." संपलं. घरी येऊन रडली, जेवली नाही, आजीने सरांना नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी ही खडू घेऊन पार्किंगमध्ये! रोज संध्याकाळी दोन गाड्यांच्या मधे तेच चालू. पुढच्या एक्झामला बरोब्बर फुलीवर उभी राहिली आणि दुसऱ्यांदा सरांनी फी घेतलीच नाही.

त्या बेल्टला ती अजून कुणाला हात लावू देत नाही. इकडे आल्यावर मिळालेले दोन कुठल्या कपाटात आहेत ते तिलाही माहीत नाही.

बेल्टची ही पद्धत मुळात ज्युदोची. जिगोरो कानोंनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केला, काळा पट्टा त्यांच्याकडचा, कराटेत तो शोतोकानवाल्या फुनाकोशींनी आणला. वर्षानुवर्षं घासल्यावर मिळायची गोष्ट ती. आता आठ वर्षांच्या पोराला "दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट" म्हणून फ्लेक्स लागतात आणि आपण फोन करून फी विचारतो.

हो, आपणच. क्लासवाल्यांना एकट्याला काय बोलायचं, पालक काही कमी नाहीत. मे महिन्यात घालायचं, जूनमध्ये ट्युशन सुरू झाली की काढायचं, मधे लग्न, मधे युनिट टेस्ट, आठवड्यातून एकदा पोरगं उगवणार आणि बेल्ट नाही मिळाला तर "पैसे वाया गेले". मग सर तरी कशाला नापास करतील? दुसऱ्या दिवशी पोरगं समोरच्या गल्लीतल्या क्लासला! काही जण ऑलिम्पिकचं सांगतात. कराटे ऑलिम्पिकमध्ये एकदाच होतं, टोकियोला. पॅरिसला नव्हतंच.

हॉलचं भाडं वाढलंय, मॅट महाग आहेत, सरांनाही घर चालवायचंय, मान्य. मग महिन्याची फी वाढवा ना, मी देईन. पण शिकवायचे पैसे घ्या, पास करायचे नको.

साताऱ्याचे सर सकाळी कंपनीत शिफ्ट करून संध्याकाळी क्लास घ्यायचे. पावसाळ्यात हॉल गळायचा, तर कोपऱ्यात बादली ठेवून बाकीच्या जागेत कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत. शेवटच्या पोराचे वडील येईपर्यंत सर गेटवर उभे, मग त्या पोराचे वडील साडेआठला येवोत नाहीतर नऊला. त्या माणसाने कधी फीसाठी मेसेज टाकला नाही, आपणच महिना संपायच्या आत आठवणीने द्यायचो. काय माणूस होता, खरंच!

रविवारच्या एक्झामला लेक बसणार नाही, तसं ग्रुपवर कळवलंय. तिला विचारूनच. तिचं म्हणणं, सध्याचा काता अजून नीट बसलेला नाही.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा साइडला पोरांना नापास करणारे कुणी सर माहीत असतील तर प्लीज कमेंटमध्ये सांगा. बॅच संध्याकाळी सहानंतरची हवी, फी जास्त असली तरी चालेल.