मॅक्सवेल फाइफ : हक्कांचा मसुदा आणि फाशीची फाइल

डेव्हिड मॅक्सवेल फाइफ हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. एडिनबरोचा जन्म, लिव्हरपूलमध्ये वकिली, १९३५ साली हुजूर पक्षाचा खासदार, पुढे गृहमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधला न्यायव्यवस्थेचा प्रमुख. त्याच्याबद्दल बोलताना लोक एक तर युरोपातल्या मानवी हक्कांचा शिल्पकार म्हणतात, नाहीतर डेरेक बेंटलीला फासावर जाऊ देणारा मंत्री. मग 'केवढा हा विरोधाभास!' म्हणून विषय संपतो. मला त्यात विरोधाभास दिसतच नाही.

वकील म्हणून माणूस जबरदस्त होता, हे आधी मान्य करू. मार्च १९४६, न्युरेंबर्ग. नाझी नेत्यांवर खटला चालू होता आणि फाइफ ब्रिटनच्या बाजूचा सरकारी वकील. अमेरिकेचा मुख्य सरकारी वकील जॅक्सन याची उलटतपासणी फसली होती, हिटलरचा हवाईदलप्रमुख गोरिंग पिंजऱ्यातून भाषणं ठोकत होता. फाइफने मोठ्या तात्त्विक गप्पा बाजूलाच ठेवल्या. जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून पळालेल्या आणि पुन्हा पकडून गोळ्या घातलेल्या ५० हवाईदल अधिकाऱ्यांचं एकच प्रकरण धरलं. तेव्हा तू कुठे होतास? तुझ्या हाताखालच्यांना कधी कळलं? मग तुला कसं नाही कळलं? 'मी रजेवर होतो' हे गोरिंगचं उत्तर तारखांच्या माऱ्यापुढे केविलवाणं वाटायला लागलं.

हाच माणूस नंतर युरोपीय मानवी हक्क कराराच्या मसुद्याला बसला. नोव्हेंबर १९५० मध्ये रोममध्ये त्यावर सह्या झाल्या. जगण्याचा हक्क त्यात आहे, पण कोर्टाने दिलेली फाशी तेव्हा त्यातून वगळलेली होती! म्हणजे कायद्याच्या भाषेत त्याने स्वतःचं काही मोडलंच नाही.

बेंटली १९ वर्षांचा, बुद्धीने मंद. क्रॉयडनच्या गोदामाच्या छपरावर पोलीस शिपायाला गोळी घातली त्याच्या १६ वर्षांच्या साथीदाराने. तेव्हा बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता. साथीदार अल्पवयीन, त्याला फाशी होऊ शकत नव्हती. ज्यूरीने बेंटलीसाठी दयेची शिफारस केली, दोनशेवर खासदारांनी अर्जावर सह्या केल्या. आपल्याकडे दयेचा अर्ज राष्ट्रपतींच्या नावाने आणि सल्ला सरकारचा, तसंच तिथे राणीच्या नावाने आणि निर्णय गृहमंत्र्याचा. फाइफने नकार दिला. २८ जानेवारी १९५३ ला फाशी झाली.

ढोंगी होता का? नाही. ढोंगी माणसाला निदान मनात शंका असते. याला नव्हती. १९४८ मध्येच त्याने संसदेत सांगितलं होतं की आपल्या देशात निरपराध माणूस फासावर जाण्याची व्यवहारात शक्यताच नाही. करार हिटलर-स्टालिनसारख्यांच्या राज्यांसाठी; इंग्लंडच्या कायद्यात मुळात खोट कसली? ब्रिटिश नागरिकाला या करारासाठी स्ट्रासबर्गमध्ये असलेल्या यंत्रणेकडे थेट दाद मागण्याची मुभासुद्धा सरकारने १९६६ पर्यंत दिली नव्हती.

सगळ्यात वाईट वाटतं ते पुढच्या प्रकरणाचं. त्याच १९५३ साली लंडनच्या रिलिंग्टन प्लेसमधल्या घरात प्रेतं सापडली आणि तिथला भाडेकरू क्रिस्टी पकडला गेला. त्याच घरातल्या खुनासाठी तीन वर्षांपूर्वी टिमोथी इव्हान्स फाशी गेला होता, त्याच्याविरुद्ध मुख्य साक्षीदार हाच क्रिस्टी! एकाच घरात दोन वेगवेगळे गळा दाबणारे? शेंबड्या पोरालाही शंका येईल. फाइफने चौकशी नेमली, तिने घाईघाईत इव्हान्सलाच दोषी ठरवलं आणि गृहमंत्र्यांनी ते मान्य केलं. गोरिंगला तारखांनी घेरणारा तो वकील इथे कुठे गेला होता?

इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली १९६६ मध्ये. बेंटलीला दोषी ठरवणारा निकाल रद्द व्हायला १९९८ उजाडलं.