दुसरी टाकी कशासाठी होती, याबद्दल

सप्रेम नमस्कार. आम्ही बसवलेल्या खत-पाण्याच्या यंत्रणेबद्दल आपण दिलेला अभिप्राय वाचला. आपल्या पॉलिहाऊसमधील ढोबळ्या मिरचीचे ड्रिपर (झाडाशी थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) महिनाभरात तुंबले आणि आमचा माणूस वेळेत पोहोचू शकला नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मातीत झाड काही दिवस तग धरते, पण कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुश्याच्या, पिशवीत उन्हाळ्यात एका दिवसातच माना टाकते; त्यामुळे आपला संताप समजतो.

मात्र ‘एका टाकीत भागत असताना दुसरी गळ्यात मारून पैसे उकळले’ हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले आहे. अ टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि ब टाकीत मॅग्नेशियम सल्फेट व मोनो पोटॅशियम फॉस्फेट ठेवावे लागते, कारण पिकाला देण्याच्या द्रावणापेक्षा शंभरपट तीव्र द्रावणात ही खते एकत्र आली की कॅल्शियमचा सल्फेट आणि फॉस्फेटशी संयोग होऊन पांढरा साका धरतो. भरपूर पाण्यात ती वेगवेगळी सोडली, तर मात्र विरघळलेली राहतात. ड्रिपरमधील पाण्याची वाट जेमतेम एक मिलिमीटरची असते, आणि 120 मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर जाडा गाळ अडवत असला, तरी त्याच्यापुढे नळीत धरणारा साका तो कसा अडवणार? आमच्या माणसाने झाकण उघडले तेव्हा अ टाकीच्या तळाशी हाच साका होता आणि ब टाकी कोपऱ्यात उलटी ठेवलेली होती. जोडणीच्या दिवशी दोन्ही टाक्या आपल्यासमोर भरून दाखवल्या होत्या आणि खतांची मापे आपण स्वतः लिहून घेतली होती, हे आपल्या अभिप्रायात कुठेच आलेले नाही.

पिशवीखालून वाहणारे पाणीही आपण म्हणता तशी नासाडी नव्हे. साठलेले क्षार धुऊन निघावेत म्हणून दिलेल्या पाण्यापैकी 20 ते 30 टक्के निचरा मुद्दाम ठेवतात. ते पाणी बांधावरच्या झाडांना देता येते.

फॉस्फेटचा साका आम्लाने सुटतो, सल्फेटचा सहसा सुटत नाही, तेवढे ड्रिपर बदलावे लागतील. त्याची मजुरी आम्ही घेणार नाही. टाक्यांवर ठळक मराठी सूचना लावण्याचे आणि दुरुस्तीला लवकर येण्याचेही पाहतो आहोत. आमचे काम शेतकऱ्यांनी एकमेकांना सांगण्यावरच चालते, म्हणून आपला अभिप्राय या खुलाशासह पुन्हा एकदा पाहावा, ही विनंती.