गाणं कधी सुरू होणार?

सोसायटीच्या गणपतीत, फॅन्सी ड्रेस आणि पाककृती स्पर्धेच्या बक्षीस समारंभाच्या मधे, मला तीन मिनिटं मिळाली. मी जर्मन संगीतकार बाखचा सी मेजरमधला प्रील्यूड, म्हणजे शब्दांशिवायचा एक छोटा तुकडा, कीबोर्डवर वाजवायला घेतला. थोडा वाजवून होतो न होतो, तोच पहिल्या रांगेतून तळमजल्यावरचे काका खणखणीत आवाजात म्हणाले, "छान! गाणं कधी सुरू होणार?"

सगळे हसले. साऊंडवाला पोरगाही हसला. त्यानं माझ्या कीबोर्डला विहिरीत पडल्यासारखा एको लावून ठेवला होता, त्याला कुणी काही बोललं नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेत आणि तबला वाजवतात. त्यांनी मला पुन्हा प्रसादाच्या रांगेत गाठलं.

"राग कोणता रे?"

"राग नाही काका. सी मेजर."

"म्हणजे बिलावल."

"थाट म्हणा हवं तर."

"मग तीव्र मध्यम कुठनं आला?"

म्हणजे माणूस ऐकत होता! मला भरून आलं. मी सांगत सुटलो: तीव्र मध्यम सहाव्या बारमध्येच, म्हणजे सहाव्या आवर्तनातच येतो, बाराव्यात कोमल ऋषभ आणि कोमल निषाद, पुढे कोमल धैवत, कोमल गांधार, एवढ्याशा तुकड्यात बाराही सूर हजेरी लावून जातात.

"बाराही? मग वर्ज्य काय?"

"काहीच नाही."

"मग याला राग कसं म्हणायचं?"

"मी कुठे म्हणतोय!"

काकांनी मोदक तोंडात टाकला. "बरं, ताल तरी सांग." शेवटचे तीन बार सोडले तर प्रत्येक बारमध्ये सोळा सूर, आठांचाच नमुना दोनदा, एवढं सांगायची खोटी, काका खुलले. "तीनताल! आवर्तनं किती?"

"पस्तीस."

"पस्तीस चारानं जात नाही. छत्तीस कर."

यावर मी गप्प बसलो, कारण हे आधीच करून झालंय. अठराव्या शतकात हॅम्बुर्गच्या श्वेंके नावाच्या संगीतकारानं हातानं उतरवलेल्या प्रतीत बाविसाव्या आणि तेविसाव्या बारच्या मधे एक जादा बार आहे. तिथला खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, फार विचित्र उडी घेतो, म्हणून ती फट बुजवलेली. पुढे कित्येक छापील प्रतींत तो बार राहिला. काकांना हे कळलं असतं तर त्यांनी श्वेंकेच्या नावानं आरती म्हटली असती.

"आणि लय?"

"बाखनं लिहिलेली नाही." हा प्रील्यूड ज्या संग्रहातला पहिला, त्याच्या 1722 च्या हस्तलिखितात इथं वेग नाही, आवाज हळू की जोरात ते नाही, भाव तर नाहीच. याच संग्रहातल्या पुढच्याच, सी मायनरच्या प्रील्यूडमध्ये त्यानं शेवटी प्रेस्टो, अडाजिओ, अलेग्रो असे वेग सगळे लिहिलेत. म्हणजे लिहायचा कंटाळा नव्हता. इथं मात्र तुमचं तुम्ही बघा! मग कुणी सूर लांबवणारं पेडल दाबून अंगाई करतो, पियानोवादक ग्लेन गूल्ड सूर सुटेसुटे टिचकीनं उडवतो. मला स्वतःला अंगाई अजिबात पटत नाही. तेविसाव्या बारमध्ये खाली कोमल धैवत आणि वर शुद्ध निषादाला खेटून षड्ज येतो. त्यावर बाळ झोपणार नाही, उठेल. त्यानंतर खर्जातला पंचम आठ बार जागचा हलत नाही, वर सगळं ताणत जातं. साऱ्या रचनेचा जीव तिथं आहे. माझ्या वेळी नेमकं तिथंच कुणीतरी माईकवरून म्हणालं, "गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची आहे, त्यांनी ताबडतोब काढावी." दोनदा म्हणालं. गायला कुणी उभं असतं तर हे झालं नसतं. शब्द चालू असताना माईक हातात घ्यायला लोक निदान कचरतात. नुसतं वाजवणारा म्हणजे कार्यक्रम अजून सुरू व्हायचाय!

त्यातून काकांवर धड चिडताही येत नाही, हे जास्त लागतं. फ्रान्समधल्या गूनो या संगीतकारालाही हा प्रील्यूड ऐकून गाणं कधी सुरू होणार असंच वाटलं असणार. 1853 मध्ये त्यानं सरळ त्याच्यावर आपली एक चाल बसवली, तीही श्वेंकेचा जादा बार ठेवून! पुढे त्या चालीवर 'आव्हे मारिया' या मेरीच्या प्रार्थनेचे शब्द बसले, आणि बाख साथीला गेला. चालीची ही माहिती मी काकांना द्यायला नको होती असं बायको म्हणते.

काल त्यांचा फोन आला. पुढच्या वर्षी वर अभंग, खाली माझं "ते पेटीसारखं", तबल्यावर ते स्वतः. मी हो म्हटलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी म्हटलंय, आणि त्यांना काळी चारची पट्टी लागते.