ईजीआर साफ करूनही काळा धूर परत आला, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की ईजीआर (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व) साफ करायचे 1,800 रुपये आम्ही घेतले आणि चौथ्याच दिवशी सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी पुन्हा अडखळून काळा धूर सोडू लागली. मग दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि बदलला काय, तर एक पाइप. हे सगळं खरं आहे. आधी प्रेशर टेस्ट (हवेच्या पाइपांत दाबाने हवा भरून गळती शोधणं) करायला हवी होती, ती आम्ही केली नाही. ते 1,800 रुपये परत करतो.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. ईजीआर वाल्व उघडा अडकला तरी हेच होतं आणि तुमच्या वाल्ववर काजळीचा जाड थर होता, म्हणून त्यालाच दोषी धरलं. पण शहरात 80,000 किलोमीटर चाललेल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या ईजीआरवर एवढी काजळी असतेच. वाल्व उघडा अडकला की आयडलिंगही (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालणं) बिघडतं. तुमची गाडी आयडलला शांत होती. धूर यायचा तो 1,800 आरपीएमच्या वर, लोडवर, आणि सोबत फुसफुस आवाज. हा फरक पहिल्याच दिवशी आमच्या लक्षात यायला हवा होता.

दोष निघाला टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी होजमध्ये, म्हणजे पाइपमध्ये. क्लॅम्पच्या कडेला, खालच्या बाजूने, सुमारे 2 सेंटिमीटरची चीर. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) येणारी ऑइलची वाफ तिथे साचून रबर मऊ पडतं. आयडलला चीर मिटलेली राहते, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) चढला की उघडते. एअर फ्लो सेन्सर त्या चिरेच्या आधी आहे. त्याने मोजलेली हवा वाटेतच निसटते, पण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ती सिलिंडरपर्यंत पोचली असं धरून डिझेल सोडतो. पुरेशी हवा न मिळालेल्या डिझेलची काजळी होते.

दुसऱ्या वेळी स्कॅनर लावला. इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) 970 मिलिबार दाखवत होता. नागपूरच्या उंचीला हे बरोबर, म्हणजे सेन्सर ठीक. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून 2,500 आरपीएमला ईसीयू 2,150 मिलिबार दाब मागत होता, मिळत होते 1,600. मग टर्बोच्या तोंडाला बूच लावून 1 बार हवा भरली, जोडांवर साबणाचं पाणी मारलं आणि होजखाली बुडबुडे आले. नवी होज बसवल्यावर त्याच रस्त्यावर 2,120.

दोन दिवस गेले ते ओरिजिनल होज मागवण्यात. बाजारात 400 रुपयांत मिळतो तो कूलंटचा पाइप. ऑइल आणि उष्णतेने तो फुगतो आणि क्लॅम्पमधून सुटतो. साध्या सिलिकॉनच्या होजमधूनही ऑइल पाझरतं. या बाबतीत घाई केली नाही, ते योग्यच होतं असं आम्हाला आजही वाटतं.

तुम्हाला दुसरीकडे टर्बो बदलायला सांगितलंय. कृपया बदलू नका. टर्बोचा शाफ्ट बाजूला किंचित हलतो, तेवढं चालतं. पुढे-मागे खेळ नाही, पंख घासलेले नाहीत, ॲक्चुएटर (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) हातपंपाचा व्हॅक्यूम धरून ठेवतो. टर्बोचं सील गेलं असतं तर निळसर धूर दिसला असता.

पीयूसी पास असूनही धूर कसा, असंही तुम्ही विचारलंय. तुमच्या 2018 च्या बीएस-4 डिझेलला मर्यादा 1.62 प्रति मीटर आहे, पण ती चाचणी न्यूट्रलमध्ये रेस देऊन होते. लोड नसल्याने बूस्ट फारसा चढत नाही आणि अशी चीर त्यात सहज लपते.

सायलेन्सरमधली जुनी काजळी एक-दोन दिवस थोडी निघेल. वर्धा रोडला 20-25 मिनिटं 2,000 ते 2,500 आरपीएमवर चालवा. त्यानंतरही चढावर धूर दिसला, तर गाडी गरम असतानाच सरळ आमच्याकडे आणा. प्रेशर टेस्ट पुन्हा करू, पैसे घेणार नाही.