चौथ्या दिवशीही ताप? मग लगेच अँटिबायोटिक?

सर्दी-तापाची साथ आली की हा मेसेज हमखास फिरतो: ‘व्हायरल ताप तीनच दिवस टिकतो. चौथ्या दिवशी ताप असेल तर बॅक्टेरिया समजा, अँटिबायोटिक सुरू करा. गोळीने उतरला तर आजार गेला. नाहीतर पांघरूण घेऊन घाम काढा.’

आधी ते तीन दिवस. साध्या सर्दीत मोठ्या माणसाला बहुधा ताप येतच नाही, फार तर कणकण. लहान मुलांना एक-दोन दिवस येतो. फ्लूची तऱ्हाच वेगळी. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी 102-103 तापाने फणफणतो, अंग मोडून येतं. हा ताप साधारण तीन-चार दिवस राहतो, कधी पाच. खोकला आणि थकवा तर दोन आठवडेही रेंगाळतात. चौथ्या दिवशी डॉक्टरांना जरूर दाखवा, पण तपासून घ्यायला. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या विषाणूला ढिम्म हलवत नाहीत. फ्लूवर ओसेल्टामिवीर हे औषध आहे, पण त्याचा सर्वाधिक उपयोग पहिल्या 48 तासांत. म्हणजे वयस्कर, गरोदर, दमेकरी किंवा हृदयरोगी माणसाने ‘तीन दिवस बघू’ म्हणत बसणं हेच नुकसानीचं.

गोळीने ताप उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास; विषाणूशी तिला देणंघेणं नाही. शिवाय ताप सकाळी कमी असतो आणि संध्याकाळी चढतो. सकाळी थर्मामीटरवर 99 दिसलं म्हणून मुलाला शाळेत धाडलं, की संध्याकाळी पुन्हा तेच. गोळीशिवाय 24 तास ताप आला नाही, तर गेला म्हणा.

घामाचं तर उलटंच आहे. ताप उतरू लागतो म्हणून घाम येतो, घाम काढल्याने ताप उतरत नाही. हुडहुडी भरली तर पांघरूण जरूर घ्या. ती थांबल्यावर मात्र अंगावर ढीग नको.

महत्त्वाचं ते या मेसेजमध्ये नाहीच. ताप जाऊन एक-दोन दिवस बरे गेले आणि तो पुन्हा उलटला, सोबत खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, मग दिवस कितवाही असो. धाप लागणं, छातीत दुखणं, बरळणं, लघवी फार कमी होणं, यांतलं काही दिसलं तर पहिल्या दिवशीही थांबायचं नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप भरला, तर तडक डॉक्टरांकडे.