टॅब्लेट आणि हेडफोन नवे घेतलेत? परतीची मुदत संपायच्या आत एवढं तपासा

नवा ड्रॉइंग टॅब्लेट (संगणकाला जोडून पेनने चित्रं काढायची पाटी) आणि शेजारी नवे हेडफोन, असा फोटो कुणी टाकला की खाली पहिला प्रश्न ठरलेला: प्रेशर लेव्हल किती, म्हणजे पेनवरच्या दाबाचे किती टप्पे टॅब्लेट ओळखतो? ८१९२ की १६३८४? माझं स्पष्ट मत आहे की या आकड्यावरून टॅब्लेट निवडूच नये. २०४८ च्या पुढचा फरक चित्र काढताना हाताला जाणवत नाही. जाणवतं ते हे, की पेन किती हलक्या स्पर्शाला उमटायला लागतं आणि सावकाश ओढलेली रेघ सरळ येते का. हे खोक्यावरून कळत नाही, वापरूनच बघावं लागतं. आणि परत करायची मुदत असते मोजक्या दिवसांची. त्यामुळे पहिला आठवडा चित्रं काढण्याआधी तपासणीला द्या.

सुरुवात ड्रायव्हरपासून, म्हणजे टॅब्लेट संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरपासून. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅब्लेट वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर पूर्ण काढा, संगणक रीस्टार्ट करा आणि मगच नवा टाका. दोन ड्रायव्हर एकत्र नांदले की कर्सर उड्या मारतो, नाहीतर प्रेशर गायब होतं, आणि लोक टॅब्लेटलाच खराब ठरवतात. मॅकवर ॲक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंग या दोन्ही परवानग्या द्याव्या लागतात. एक राहिली तरी पेन अर्धवट चालतं. विंडोजवर कर्सर हलतोय पण रेघेची जाडी बदलत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा घोळ विंडोज इंकचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पेन-व्यवस्थेचा असतो. फोटोशॉप डीफॉल्टने विंडोज इंकवर चालतं, त्यामुळे ड्रायव्हरमध्ये ते चालू हवं. कृता या चित्रकलेच्या ॲपमध्ये टॅब्लेट सेटिंग्जमध्ये जाऊन विनटॅब (पेन चालवायची दुसरी, जुनी पद्धत) की विंडोज इंक ते निवडता येतं. ड्रायव्हरमध्ये जे आहे तेच तिथे ठेवा.

मग मॅपिंग, म्हणजे टॅब्लेटचा कुठला भाग पडद्याच्या कुठल्या भागाला जोडायचा ते. बहुतेक मॉनिटर १६:९ प्रमाणाचे असतात, पण बरेच टॅब्लेट १६:१० चे. पूर्ण टॅब्लेट पूर्ण पडद्याला जोडला की तुम्ही काढलेलं गोल वर्तुळ पडद्यावर साधारण १० टक्के चपटं उमटतं. चेहरे रुंद का येतात याचं उत्तर कित्येकदा इथेच असतं. एक प्लॅस्टिकचं गोल झाकण टॅब्लेटवर ठेवा, त्याच्या कडेने पेन फिरवा आणि पडद्यावरची उंची-रुंदी मोजा. धातूचं झाकण नको, त्याने पेनच्या सिग्नलमध्ये अडथळा येतो. वर्तुळ चपटं आलं तर ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय चालू करा. टॅब्लेटची एक पट्टी वाया जाते, जाऊ द्या.

आकाराबद्दलही थोडं. २७ इंची मॉनिटर जवळपास २३.५ इंच रुंद असतो. त्याला ६ इंच रुंदीचा छोटा टॅब्लेट जोडला की हात १ मिलिमीटर हलला तर कर्सर जवळजवळ ४ मिलिमीटर सरकतो. १० इंचीवर तेच अंतर २.३५ मिलिमीटर होतं. छोट्या टॅब्लेटवर सगळं काम मनगटावर येतं आणि मनगट दुखायला लागतं. मोठ्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांनी मीडियम, म्हणजे १० इंचीच्या आसपासचाच घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन, स्क्रीनवाल्या टॅब्लेटचा विचार नंतर. आणि तो घ्यायचाच असेल तर लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतो का ते आधी बघा. प्रत्येक पोर्टमधून येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. सॉफ्टवेअरमधलं स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझर (रेघ आपोआप सरळ करणारी सोय) शून्यावर आणा. टॅब्लेटवर प्लॅस्टिकची पट्टी तिरकी धरा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश, गोगलगायीच्या गतीने रेघ ओढा. रेघ लाटेसारखी नागमोडी आली, तर त्याला जिटर म्हणतात. एकदम हार मानू नका: चार्जर आणि फोन लांब ठेवा, हब काढून केबल थेट संगणकाला लावा, पोर्ट बदला. तरीही लाटा तशाच राहिल्या तर टॅब्लेट परत करा. भरभर मारलेल्या रेघेत हा दोष दिसत नाही, म्हणून दुकानात दोन फराटे ओढून काही कळत नाही.

निब, म्हणजे पेनचं बदलता येणारं टोक, झिजणारच. खरखरीत पृष्ठभागावर ती एका बाजूने तिरकी घासली जाते आणि तिथे धार तयार होते. ती धारच पुढे टॅब्लेटवर ओरखडे पाडते. बोटाला कड टोचायला लागली की निब बदला, बुंध्यापर्यंत घासायची वाट बघू नका.

हेडफोनही टॅब्लेटवर ठेवू नका. त्यांच्या आतल्या आवाज काढणाऱ्या भागात चुंबक असतं आणि चुंबकाने पेनचा कर्सर बिथरू शकतो. एकाच बाजूला केबल असलेल्या हेडफोनमध्ये ती सहसा डाव्या कपातून निघते. डावखुऱ्यांची केबल नेमकी चित्र काढणाऱ्या हाताखाली येते, तिला खांद्यामागून न्या. केबल वेगळी काढता येणारे हेडफोन मी केव्हाही पसंत करेन, कारण केबल प्लगजवळ तुटते, आणि मग फक्त केबलच बदलावी लागते.

हेडफोनची चाचणी चष्मा घालून, सलग तासभर करा. चष्म्याच्या काडीमुळे पॅड आणि कानामागची त्वचा यांच्यात फट राहिली की बास (खालच्या पट्टीतला आवाज) गळून जातो, आणि दोष हेडफोनला दिला जातो. २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा एकच सूर हळू आवाजात ऐका. एका कपात खरखर आली तर आधी आत केस अडकलाय का बघा, कारण कपातल्या थरथरणाऱ्या पडद्याला टेकलेला केसही अशीच खरखर करतो. नसेल तर परत. आवाज बेताचाच ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे, आणि चित्रं काढणाऱ्यांचे ४० तास सहज होतात.

ब्लूटूथवाल्यांची नेहमीची तक्रार म्हणजे कॉल सुरू झाला की गाणं टिनाच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि दर्जा घसरतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, आवाज पूर्ववत होतो. ॲनिमेशनमध्ये ओठांच्या हालचाली आवाजाशी जुळवणाऱ्यांनी मात्र वायरचेच वापरावेत. ब्लूटूथचा आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो, आणि सेकंदाला २४ फ्रेमच्या कामात ही चूक दोन ते पाच फ्रेमची होते.