खण, ओटी आणि चार इंचांची भिंत

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली होती. गोष्ट एवढीच. ट्रॉल्या गंजल्या होत्या, प्लायवूड पुरीसारखं टम्म फुगलं होतं आणि पोह्यांच्या डब्याला कुबट वास यायला लागला होता. एखाद्या साध्या सुताराला बोलावलं असतं तर चार दिवसांत उरकलं असतं. पण माझी भाची इंटिरिअर डिझायनर आहे. घरचीच पोर, फुकटात होईल, असा अस्सल पुणेरी हिशेब मी मांडला.

तिला जुन्या वाड्यांचं वेड आहे हे ऐकून होतो. त्या वेडाची जात पहिल्याच दिवशी कळली. हातात टेप घेऊन ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, ओटी कुठंय रे या घराला? आणि खण किती?"

आमची ही आतून करंडा घेऊनच बाहेर आली. मागोमाग तांदूळ, नारळ आणि कपाटातला हिरवा खण. "अगं, मागायचं काय त्यात? लग्नानंतर पहिल्यांदाच आलीयस, मी भरणारच होते!" पोरगी जीन्समध्ये; पदर नाही, ओढणी नाही. शेवटी आमच्या फ्लॅटच्या नकाशाचा कागद मांडीवर पसरून तिची ओटी भरण्यात आली.

मग तांदूळ सावरत तिनं खुलासा केला. वाड्यातल्या दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. घर केवढं, तर अमुक इतके खणी, असं सांगायचे. ओटी म्हणजे बाहेरची उंच बैठकीची जागा, पाव्हण्याला तिथंच बसवायचं. माजघर त्याच्या आत. या हिशेबानं आमचं स्वयंपाकघर दीड खणाचं निघालं, त्यातला अर्धा फ्रिजनं खाल्लेला.

"ओटा ठरवायच्या आधी तुझा डोळा तयार व्हायला हवा," असं म्हणून तिनं मला विश्रामबागवाड्यासमोर नेऊन उभं केलं. या वाड्यावरून मी गेली तीस वर्षं स्कूटर नेली आहे. मान वर केली ती फक्त सिग्नल बघायला. आता वर बघितलं. बाहेर आलेला लाकडी सज्जा, कोरीव महिरपी आणि खाली फुगीर, वर निमुळते होत जाणारे सुरूच्या झाडासारखे खांब. भाची तोंडानं "मामा, हे केळफूल बघ, केळफूल!" म्हणत होती. हीनं भाजीवाल्याच्या दिशेनं बघितलं.

वाडा 1807 सालचा, दुसऱ्या बाजीरावानं बांधून घेतलेला. खर्च दोन लाख रुपये, त्या काळचे. आणि 1817 मध्ये खडकीची लढाई हरून स्वारी पुणं सोडून पळाली. म्हणजे एवढं इंटिरिअर केलं आणि उपभोगायला मिळाली जेमतेम दहा वर्षं. हा मुद्दा मी बजेटच्या संदर्भात मांडला. भाचीनं ऐकला नाही. ती सज्जाचे फोटो काढत रस्त्याच्या मध्यापर्यंत मागं मागं गेली होती आणि एक रिक्षावाला तिला इतिहासजमा करायच्या बेतात होता.

पुढचा मुक्काम राजा दिनकर केळकर संग्रहालय. इथं मात्र माझीच विकेट पडली. दिनकर केळकरांचा घरचा धंदा चष्म्यांचा. लोकांना दिसावं म्हणून चष्मे विकणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र लोकांनी माळ्यावर टाकलेलंच बरोबर दिसायचं. दिवे, दौती, फण्या, कोरीव दारं, पाय घासायच्या वज्र्या. बायको कमलाबाईंच्या साथीनं वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय केलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषसुद्धा आणून इथं उभे केलेत. मी कोथरूडहून साधा फ्रिज हलवताना तीन माणसांशी भांडलो होतो.

अडकित्त्यांच्या कपाटापाशी ही थबकली. एक मोराचा अडकित्ता बघून म्हणाली, "अय्या, सासूबाईंचा अगदी असाच होता." भाचीनं विचारलं, "होता म्हणजे?" आम्ही दोघंही एकदम पंख्याकडे बघायला लागलो. तो अडकित्ता, दोन जुन्या पँटी आणि एक जरीची साडी देऊन आम्ही बोहारणीकडून स्टीलचं पातेलं घेतलं होतं. पातेल्याला भोक पडलंय. भाची परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी जुना ओटा फुटला आणि भाची गायब झाली. चार दिवसांनी फोटो आला: रंगीत नक्षीच्या फरशीवर तिचे दोन पाय. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 सालचं. फरशी मिंटन कंपनीची, इंग्लंडहून आलेली. इथं आम्ही बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर शेगडी मांडून पिठलं हलवत होतो. मी उत्तरादाखल आमच्या फरशीवर माझे पाय ठेवून फोटो पाठवला. तिला सिमेंटचा ढीग तेवढा दिसला असावा. "टेक्श्चर छान आहे" असं उत्तर आलं.

परत आली ती कोनाडा घेऊनच. मिठाच्या बरणीला कोनाडा हवाच, म्हणे. वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट जाड, त्यात कोनाडे शोभतात हे मला आता तिच्याच कृपेनं माहीत होतं. "आपली भिंत नऊ इंची आहे, चार इंच कोरायला काय हरकत?" गवंड्यानं छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला ओली वीट भसकन पलीकडे गेली. बिल्डरनं नऊ इंच सांगून चार इंचांतच भागवलं होतं.

धूळ बसल्यावर भोकातून शेजारच्या काकू दिसल्या. हातात झारा, कढईत भजी. त्यांच्या सिंकचा पाइप आमच्या भिंतीला टेकून टिपटिप गळत होता.

"याला झरोका म्हणतात," भाची हळूच म्हणाली.

प्लंबरनं अर्ध्या तासात पाइप बदलला आणि ओल गेली. भोक मात्र बुजवता आलं नाही, कारण भाचीनं जुन्या बाजारातून सागवानी चौकट आणली, तिला इवलंसं दार, पितळी कडी-कोयंडा. बसवायची घाई गवंड्याला होती. रोज सकाळी सातला दार उघडतं, काकू डोकावून "आज काय भाजी?" विचारतात आणि लावून घेतात. कडी त्यांच्या बाजूला लागली आहे.